बोरीचे काटे कापू नका

गेल्या अंकात रानातल्या बोरवर्गीय, म्हणजे बोर, येरुणी, तोरण अशा, झुडपांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. शाळा-कॉलेजांनी आपापल्या परिसरातली ही झुडपं वाळवून, नोंदवून ठेवावीत, असंही सुचवलं होतं. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी ३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि तिथल्या हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, कपाटंही सांभाळली. त्या अनुभवातून उत्तरं देते आहे.

प्रश्न : आमच्या आठवीच्या मुलांनी बोरीच्या आणि येरुणीच्या फांद्या आणल्या. रद्दीत घालून वर वह्यांचा गठ्ठा ठेवला. चार दिवसांनी पाहिलं तर काट्यांनी कागद फाटले होते, निम्मी पानं गळली होती, उरलेल्यांवर बुरशी आली होती. काटे आधीच कापून टाकले तर चालेल का? (एक शिक्षिका, भोर)

बाई, काटे कापू नका. बाकी सगळ्याला काही ना काही तोड काढता येते, कापलेल्या काट्याला नाही. बोरीच्या कुळात काटा ही ओळखीची मोठी खूण आहे. बोरीचा काटा म्हणजे पानाच्या देठापाशी असणाऱ्या उपपर्णाचं बदललेलं रूप. तो एकटा आहे की जोडीने, सरळ आहे की आकड्यासारखा वळलेला, हे पाहूनच अर्धी ओळख पटते. काटे नसलेला बोरीचा नमुना नाव पुसलेल्या पाकिटासारखा असतो.

फांदी रद्दीत घालण्याआधी दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. वर लाकडी फळी ठेवा आणि त्या फळीवर अंगाचा भार टाकून मिनिटभर उभ्या राहा. फांदी ताजी असते, त्यामुळे बहुतेक काटे न मोडता आडवे पडतात. मग ती दुमडलेल्या वर्तमानपत्रात ठेवा. वरखाली टिपकागद किंवा रद्दीचा चांगला जाड थर हवा, आणि प्रत्येक नमुन्यानंतर खोक्याचा नालीदार पुठ्ठा. त्या नळ्यांतून हवा खेळते आणि काटा शेजारच्या नमुन्यापर्यंत पोचत नाही. फांदी अंगठ्याएवढी जाड असेल तर मागच्या बाजूने उभी चिरून अर्धी काढून टाका, पुढची बाजू तशीच ठेवा. वजनासाठी वह्या पुरत नाहीत. दोन लाकडी जाळ्या आणि दोन पट्टे सुताराकडून करून घ्या, हीच नमुने दाबायची प्रेस, पुढची वीस वर्षं पुरेल.

बुरशी आली ती कागद बदलले नाहीत म्हणून. पहिला बदल दुसऱ्या दिवशी सकाळीच करा. तोच सगळ्यात मोलाचा, कारण फांदी तोवर मऊ पडलेली असते आणि हवी तशी लावता येते. एकावर एक आलेली पानं सरळ करा. फारच दाटी असेल तर एखादं पान कापा, पण देठाचा तुकडा फांदीवर राहू द्या, म्हणजे तिथे पान होतं हे कळतं. आणि दोन-तीन पानं मुद्दाम उलटी करा. बोरीचं पान वरून हिरवं आणि चकचकीत असतं, खालून पांढुरक्या लवेचं. सगळी पानं वर तोंड करून चिकटवली तर ती लव कायमची कागदाखाली जाते. त्यानंतर आठवडाभर रोज कागद बदला. ओले कागद उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतात, हे काम मुलं आवडीने करतात.

पानं का गळतात तेही मुलांना सांगा. फांदी तोडली तरी तिच्या पेशी लगेच मरत नाहीत. वाळायला फार वेळ लागला तर पान गळण्याची क्रिया आतल्या आत चालूच राहते. म्हणून लवकर वाळवायचं. भर पावसाळ्यात काम असेल तर लाकडी पेटीत तळाशी बल्ब लावून वर प्रेस उभी ठेवावी, मात्र पेटी एकटी सोडून जाऊ नये. फार पानं गळणारी फांदी काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून, टिपून मग दाबली तर पानं टिकतात. एवढं करूनही गळलेली पानं कागदावर भलत्या जागी चिकटवू नका. छोटं पाकीट करा, त्यात ठेवा आणि ते पाकीट नमुन्याच्याच कागदावर एका कोपऱ्यात लावा.

प्रश्न : फुलं-फळं नसताना बोर, तोरण, येरुणी, घटबोर यांत फरक कसा करायचा? वर्गात सांगतात, पण रानात गेलं की सगळं सारखंच दिसतं. (बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, राधानगरी)

तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण रानात सगळं सारखं दिसतं हे कबूल करणारा विद्यार्थीच पुढे नीट बघायला शिकतो. पहिली सवय ही लाव : फांदी हातात आली की पानाच्या बुडाशी बघ. तिथून तीन ठळक शिरा निघालेल्या दिसल्या आणि देठापाशी काटा असला तर तू बहुधा बोरीच्या गोतावळ्यात आहेस.

आता काटे. आपल्या नेहमीच्या बोरीला, म्हणजे झिझिफस मॉरिशियानाला, बहुतेक वेळा काट्यांची जोडी असते : एक सरळ टोचणारा, दुसरा मागे वळलेला. लहानपणी बोरं वेचताना सरळ काट्याने बोट टोचायचं आणि वाकड्याने बाही अडकायची. येरुणी ही दुसऱ्या झाडांवर चढणारी. तिला बहुतेक एकेकच आकडा असतो. पान एका बाजूला जरा झुकलेलं, खालून रेशमी. फळ वाटाण्याएवढं, पिकलं की काळं आणि चकचकीत. तोरणाचं पान या सगळ्यांत मोठं, तळहाताएवढंही होतं, आणि खालून पिवळसर-तांबूस लवेने भरलेलं. पानावर बोट फिरव, लव लगेच जाणवेल. काटा आखूड, बुडाशी रुंद, वळलेला. घटबोर लहान झाडासारखं वाढतं, पानं रुंद आणि गोलसर. त्याचं फळ एकदा पाहिलं की विसरत नाही : करड्या रंगाचं, सुपारीपेक्षा मोठं आणि लाकडासारखं कडक, खायला काही नसतं. कातडं काळं करायला ते पूर्वी वापरत. सोलापूरकडच्या कोरड्या माळावर गेलीस तर आणखी एक भेटेल, गुडघ्याएवढं, छोट्या गोल पानांचं. त्याची पानं दोन्ही बाजूंनी मखमली असतात. ते झिझिफस नुम्युलारिया.

तरीसुद्धा, जमेल तिथे फुलं असलेलीच फांदी घे. ही फुलं हिरवट-पिवळी, चार-पाच मिलिमीटरची. लोक त्यांच्याकडे बघतही नाहीत. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला अगदी लावून धर आणि फूल भिंगाजवळ आण. आधी पाच निदलं, म्हणजे कळीला झाकणारी बाहेरची दळं, दिसतील, त्रिकोणी, आतून मधोमध एक उभी धार असलेली. त्यांच्या मधल्या फटींत पाच इवल्या पाकळ्या, पळीसारख्या वाकलेल्या. आणि प्रत्येक पळीत एक पुंकेसर निजलेला. बहुतेक फुलांत पुंकेसर दोन पाकळ्यांच्या मधे असतो. इथे तो बरोबर पाकळीसमोर आहे. ही या कुळाची, ज्याला पुस्तकं बदरी कुल किंवा ऱ्हॅम्नेसी म्हणतात, सगळ्यात भरवशाची खूण. मधोमध जाडसर पिवळी चकती असते, मधाने ओली. माशा आणि मुंग्या तिच्यासाठीच येतात. हे सगळं मी ३१ वर्षं दाखवत आले. फूल पहिल्यांदा भिंगाखाली बघणाऱ्या मुलाचा चेहरा कसा होतो, ते अजून आठवतं.

तोरणाचं फूल बघशील तेव्हा गोंधळू नकोस. त्याला पाकळ्याच नसतात. तुझी नजर चुकली असं समजू नकोस, वहीत तसंच लिही.

याच कुळातली काही झुडपं आणि वेली बोरीसारख्या मुळीच दिसत नाहीत. चिमट, म्हणजे स्कुटिया मिर्टिना, हिची पानं समोरासमोर किंवा जवळजवळ तशी येतात, तीन शिरा नसतात, पण आकडे जबरदस्त. व्हेंटिलॅगोच्या वेलीचं फळ छोट्या गोळीला लांब चपटा पंख लावल्यासारखं असतं, वाऱ्यावर गिरक्या घेत जातं. गुआनिया तर तणावे काढून चढते. यांना भेटायला घाटात जावं लागेल.

प्रश्न : आमच्या आजीने एका वेलीला "लोखंडी" म्हटलं. नेटवर शोधलं तर लोखंडी नावाचं दुसरंच झाड निघालं. नोंद करताना आजीचं नाव चुकीचं समजून वगळायचं का? (एक वाचक, दापोली)

मुळीच वगळू नका. आजी चुकलेल्या नाहीत. कोकणात आणि घाटात व्हेंटिलॅगोच्या वेलीला लोखंडी म्हणतात, खांडवेलही म्हणतात. आणि इक्झोरा ब्रॅकिएटा या वेगळ्याच कुळातल्या झाडालाही लोखंडी म्हणतात. एकाच नावाची दोन माणसं असतात तसं आहे हे. म्हणूनच गावठी नावाबरोबर वाळलेला नमुना हवा. नमुना असला की आजींचं नाव नेमकं कोणत्या वेलीचं हे पन्नास वर्षांनीही ठरवता येतं. नमुना नसेल तर ते नाव नुसतं हवेत राहतं.

रक्तरोहिड्याचं तर आणखी अवघड. महाबळेश्वरच्या बाजूला हे नाव ऱ्हॅम्नस वाइटियाय या झुडपाला लावलेलं मी ऐकलं आहे, तेही याच कुळातलं. आयुर्वेदातला रोहितक मात्र टेकोमेला हे वेगळंच झाड, त्याचा या कुळाशी काही संबंध नाही. औषधासाठी नुसत्या नावावर साल विकत घेणाऱ्याने हे जरूर लक्षात ठेवावं.

आजींचा उच्चार जसा ऐकलात तसाच लिहा. प्रमाण मराठीत सुधारू नका. शेजारी गाव, तालुका आणि त्यांनी सांगितलेला उपयोगही लिहा. मुळाच्या सालीपासून लाल रंग काढत, असं त्या म्हणाल्या तर तेही. त्यांचं नाव नोंदवण्याआधी त्यांना विचारा. आणि शक्य असेल तर त्यांना झाडापाशीच घेऊन जा, घरी फांदी दाखवून विचारू नका. झाड कुठे उभं आहे, कशावर चढलं आहे, हे बघूनच जुनी माणसं खात्रीने नाव सांगतात.

प्रश्न : वडील शिक्षक होते. त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत वाळवलेल्या वनस्पती चिकटवलेले ६० कागद सापडले. बोरीच्या कागदावर "झिझिफस जुजुबा" लिहिलं आहे, मुलगी म्हणते ते चुकीचं आहे. कागद तपकिरी झाले आहेत, काही फांद्यांना बारीक भोकं आहेत. स्वच्छ करून नवी लेबलं लावू का? (एक वाचक, पुणे)

थांबा, अजून काहीच स्वच्छ करू नका. आधी हातमोजे घाला. जुन्या काळी कीड लागू नये म्हणून नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत. ते जहाल विष आहे आणि कागदात वर्षानुवर्षं राहतं. ट्रंक मोकळ्या हवेत उघडा, लहान मुलं जवळ नकोत, तिथे काही खाऊ नका. भोकं बारीक भुंगेऱ्यांची असणार. एरवी अशा वेळी नमुने प्लॅस्टिकमध्ये बंद करून उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडा-दोन आठवडे ठेवायला सांगते, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची. पण तुमच्या नमुन्यांवर विष असू शकतं, तेव्हा घरच्या फ्रीजजवळही नेऊ नका.

आता नाव. तुमच्या वडिलांनी त्या काळच्या पुस्तकाप्रमाणे बरोबरच लिहिलं होतं. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ काढला, त्यात बोरीचं नाव जुजुबाच आहे, आणि कित्येक पिढ्या त्याच ग्रंथावर शिकल्या. मूळ घोटाळा त्याहून जुना. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये बोरीला ऱ्हॅम्नस जुजुबा म्हटलं. पुढे ती झिझिफस या प्रजातीत गेली, तेव्हा झिझिफस जुजुबा हे नाव मोकळं राहिलं नव्हतं. मिलर या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते १७६८ मध्येच चिनी बोरीला देऊन टाकलं होतं. म्हणून आपल्या बोरीसाठी लामार्क या शास्त्रज्ञाचं १७८९ मधलं झिझिफस मॉरिशियाना हे नाव चालतं. मुलीचंही बरोबर आहे.

पण जुनं लेबल काढू नका, खोडू नका, त्यावर काही लिहूही नका. शेजारी एक छोटी नवी चिठ्ठी लावायची : आजचं नाव, ओळख पटवणाऱ्याचं नाव, तारीख. हर्बेरियमच्या एकेका कागदावर अशा तीन-तीन, चार-चार चिठ्ठ्या असतात. कोणी कधी काय मानलं, तो सगळा इतिहास त्या कागदावरच राहतो. वडिलांचं अक्षर हा त्यातला पहिला दुवा आहे.

लेबलांवर गाव आणि तारीख असेल तर हा संग्रह घरी ठेवू नका. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे, आघारकर संशोधन संस्थेचंही हर्बेरियम आहे. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. आधी पत्र पाठवून विचारा, ट्रंक उचलून थेट दारात जाऊ नका. विषाची शंका आहे हे पत्रातच लिहा.

प्रश्न : रानातून फांदी तोडायला परवानगी लागते का? (एक वाचक, गोंदिया)

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडू नका. राखीव जंगलात तिथल्या वनाधिकाऱ्यांना विचारा, खासगी जमिनीत मालकाला. देवराईत गावकऱ्यांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर तिथे थांबा. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर तुमच्या यादीची एक प्रत त्यांना द्या. लोक जैवविविधता नोंदवहीत ती उपयोगी पडते. झुडूप एकच असेल तर फक्त फोटो आणि नोंद घ्या, फांदी राहू द्या.

प्रश्न : आता मोबाइलवर इतके छान फोटो येतात, जागाही आपोआप नोंदली जाते. मग वाळलेल्या, रंग गेलेल्या फांद्या कशाला? (अकरावीचा विद्यार्थी, वाई)

तुझा फोटो मला हवाच आहे. झुडपाची ठेवण, फुलाचा खरा रंग, काटा फांदीवर कसा बसला आहे, हे वाळलेल्या नमुन्यात राहत नाही. पण फोटोतल्या पानाच्या लवेवर भिंग धरता येत नाही, फूल पाण्यात भिजवून उलगडता येत नाही, पुंकेसर पाकळीसमोर आहे का हे फोटो काढताना सुचलं नसेल तर नंतर बघता येत नाही. वाळलेल्या पानातून डीएनए काढता येतो. म्हणून दोन्ही कर आणि दोन्हींवर एकच क्रमांक घाल.

त्या दोन्हींपेक्षा वही महत्त्वाची आहे, आणि यात मी स्वतः चुकले आहे म्हणून सांगते. १९८८ च्या एप्रिलमध्ये महाबळेश्वरच्या उतारावर तोरणाची फळं लगडलेली फांदी घेतली. ऊन फार होतं, बस गाठायची होती, वही पिशवीतून काढली नाही. आठवड्याने वाळलेला नमुना समोर ठेवून लेबल भरलं आणि लिहिलं, "फळ तपकिरी". नमुना एका तज्ज्ञांकडे पाठवला. तो परत आला तेव्हा त्या शब्दाशेजारी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह होतं. पिकलेलं तोरण पांढरं असतं. उन्हाळ्यात घाटात विकायला येतं, मी कितीदा खाल्लेलं होतं. तरी डोळ्यांसमोरचा वाळलेला नमुना बघून हाताने चुकीचं लिहिलं. त्याहून वाईट म्हणजे जागा म्हणून नुसतं "महाबळेश्वर" लिहिलं होतं. ते झुडूप मला पुन्हा कधीच सापडलं नाही.

तेव्हापासून फांदी तोडण्याआधी वही उघडते. लिहायचं पेन्सिलीने, पावसात शाई फुटते. क्रमांक १ पासून सुरू कर आणि आयुष्यभर तोच पुढे चालव, दर वर्षी नव्याने १ करू नकोस. तारीख, गाव, गावापासून कोणत्या दिशेला किती अंतर, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, उंची. मग भोवताल : ओढ्याकाठ, कातळ, बांध, शेजारी कोणती झाडं. मग झुडूप : किती उंच, उभं की चढणारं, साल कशी. आणि वाळल्यावर जे जाणार ते सगळं : फुलाचा रंग, वास, फळ कच्चं कसं, पिकलेलं कसं, चव घेतली असशील तर चव. खात्री नसलेलं फळ मात्र चाखू नकोस. त्याच झुडपाच्या तीन फांद्या घे, तिन्हींना एकच क्रमांक. दोऱ्याने बांधायची छोटी चिठ्ठी फांदीवर लगेच बांध, घरी गेल्यावर नाही.

आणखी एक. बोरीला फुलं पावसाळ्याच्या शेवटी येतात आणि फळं थंडीत, तुमच्याकडे बोरन्हाणाला लागतात तेव्हा. एकाच फेरीत दोन्ही मिळणार नाहीत. आत्ता फुलांची फांदी घेतलीस की त्या झुडपाची जागा नीट लिहून ठेव, आणि जानेवारीत पुन्हा त्याच झुडपाकडे जा. त्या फांदीला नवा क्रमांक दे आणि वहीत लिही : "क्रमांक १४ चंच झुडूप". फळं चपटी करू नकोस, पाकिटात ठेव, आणि त्यातलं एक आडवं कापून आतली आठळी दिसेल असं ठेव.